खुंट्याचा डावा डोळा

माझा धाकटा भाऊ देशासाठी एकतीस कसोटी सामने खेळला. त्यातले शेवटचे सतरा तो एका डोळ्यावर खेळला. संघात कुणाला हे माहीत नव्हतं, निवड समितीला नव्हतं, आमच्या आईलाही नव्हतं. मला होतं. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, एकोणतीस वर्षं हेच करते आहे, त्यामुळे ‘मला कळलं नाही’ असं म्हणायची सोयच नाही.

आमचे वडील बस डेपोत मेकॅनिक होते. ते गेले तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि मी एकवीसची. मी कॉलेज अर्धवट सोडलं आणि दुकानात लागले. आधी फ्रेमा पुसायच्या, मग काचा घासायच्या. पुढे मालकांचे हात थरथरायला लागले तसं त्यांनी मला डोळे तपासायला शिकवलं. धाकटा तेव्हा शाळेच्या संघात होता. त्याला सकाळी मैदानावर सायकलवरून सोडायचं आणि तशीच दुकान उघडायला जायचं, हा माझा कित्येक वर्षांचा रस्ता.

त्याच्या बॅटिंगमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं, हे मी बहीण असूनही सांगते. लोक षटकार बघायला येतात. हा उभा राहायचा. सकाळी पॅड बांधून गेला की दुपारी तिथंच. सतरा वर्षांचा असताना एका क्लबच्या सामन्यात समोरचा बॉलर वैतागून ओरडला, “अरे, हा माणूस आहे की खुंटा?” त्या दिवसापासून तो खुंटा. पुढे स्कोअरबोर्डवर नाव लागलं तरी मैदानावर सगळे खुंटाच म्हणायचे.

पण एक गोष्ट त्याला यायची ती फार थोड्यांना येते. त्याला बॉल सोडता यायचा. नवा बॉल, वेगानं येणारा, स्टंपाच्या बाहेरून दोन बोटांवरून जाणार की आत वळणार, हे त्याला बॉल हातातून सुटताच कळायचं. जाणार असेल तर तो बॅट उचलून घ्यायचा आणि बॉलला वाट द्यायचा, जिन्यात समोरून म्हातारं माणूस आलं की आपण बाजूला होतो तसा. बॉलर दमायचे. मग दमलेल्या बॉलरांना बाकीचे मारायचे आणि टाळ्या बाकीच्यांना मिळायच्या. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. “ताई, माझं काम दरवाजा उघडून द्यायचं. पंगत त्यांची,” असं म्हणायचा.

त्याचा जोडीदार म्हणजे रेडिओ. दोघं सतराव्या वर्षापासून सलामीला एकत्र. हा उजवा, तो डावखुरा. हा मुका, तो बडबड्या. रेडिओ खेळपट्टीवर अखंड बोलायचा, बॉलरशी, अंपायरशी, कुणीच नसेल तर स्वतःशी. रविवारी सामना नसला की तो आमच्याकडे जेवायला. दारातूनच ओरडायचा, “आई, खुंट्याला कमी वाढा, तो नुसता उभाच राहतो, पळतो मी!” आईला तो पोटच्या पोरासारखा होता. मलाही होता, आता हे लिहायचा मला काय अधिकार आहे ते माहीत नाही, पण होता.

तेविसाव्या वर्षी दोघं एकाच मालिकेत देशाकडून खेळायला लागले. तीन वर्षं बरी गेली.

सव्विसाव्या वर्षी, एका मालिकेहून परत आल्यावर, तो दुपारी दुकानात आला. मालक जेवायला गेले होते. तो बहुतेक तीच वेळ बघून आला असावा.

“ताई, जरा डोळे बघ. रस्त्यातल्या दिव्यांना शेपूट दिसतंय.”

“दोन्ही डोळ्यांनी?”

“डाव्यानं.”

मी त्याला खुर्चीवर बसवलं, खोलीतला दिवा मालवला आणि डाव्या डोळ्यात बारीक प्रकाश टाकला. चांगल्या डोळ्यात प्रकाश हलवला की आतली लाली सरळ एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकते. त्याच्या डोळ्यात ती मधोमध चिरली आणि कात्रीच्या पात्यांसारखी उघडमीट करायला लागली. मी हे आधी चार-पाच जणांत पाहिलं होतं. हात तसाच ठेवून मी उगाच अजून दोन मिनिटं बघत राहिले, कारण दिवा लावला असता तर त्याला माझं तोंड दिसलं असतं.

“काय आहे?”

“नंबर आहे थोडा,” मी म्हणाले. मग म्हणाले, “नाही. नुसता नंबर नाही. डॉक्टरकडे जाऊ या.”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्या ओळखीच्या होत्या. त्यांनी यंत्रावर बुबुळाचा नकाशा काढला. बुबुळावरचा पारदर्शक पडदा मधे पातळ होऊन पुढे टोकासारखा निघत चालला होता. उजव्या डोळ्यातही सुरुवात होती, पण अगदी नावाला. त्यांनी सरळ सांगितलं, “याला चष्मा चालणार नाही. कडक लेन्स काही दिवस चालेल. पण आधी हे वाढायचं थांबवायला हवं. थेंब घालून किरण देतात, पडदा घट्ट होतो. गेलेलं परत येत नाही, पण आहे ते राहतं.”

“किती दिवस लागतील?” त्यानं विचारलं.

“उपचार तासाभराचा. पण नजर स्थिर व्हायला दोन-तीन महिने धरा. तोवर खेळणं नाही.”

“आणि नाही केलं तर?”

“वाढेल. किती आणि कधी, ते मी सांगू शकत नाही.”

बाहेर रस्त्यावर आलो. तो सायकलस्टँडच्या लोखंडी नळीवर बसला. “तीन महिने म्हणजे माझी जागा गेली, ताई. मागे दोघं बसलेत हात चोळत. मी काय असा मोठा खेळाडू आहे की माझ्यासाठी कुणी थांबेल? जो मारतो त्याच्यासाठी थांबतात. खुंट्याच्या जागी दुसरा खुंटा ठोकतात.”

तो बोलला त्यात काही खोटं नव्हतं. आज इतक्या वर्षांनीही मला त्याचं ते बोलणं खोडता येत नाही, आणि तेच सगळ्यात वाईट आहे.

“हा सीझन होऊ दे,” तो म्हणाला. “मग करू.”

मी हो म्हणाले.

सीझनच्या आधी खेळाडूंची तपासणी असायची. रक्त, गुडघे, पळणं, आणि शेवटी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता. तो तक्ता आणि आमच्या दुकानातला तक्ता एकाच छापाचे होते. लहानपणी मी त्याच्याकडून पाढे पाठ करून घ्यायचे, तशाच मी त्याच्याकडून खालच्या चार ओळी पाठ करून घेतल्या. कुठे अडखळायचं तेसुद्धा शिकवलं, कारण चांगले डोळे असलेला माणूस शेवटच्या ओळीत एखादं अक्षर चुकतोच. इतकी मी हुशार. क्रिकेट मंडळाच्या डॉक्टरांनी हसून पाठीवर थाप मारली आणि पुढच्याला बोलावलं.

कडक लेन्स मी स्वतः बसवली. सुरुवातीला तिनं चांगलं काम दिलं. पण मैदान म्हणजे धूळ. लेन्सखाली कण गेला की डोळ्यात सुई टोचल्यासारखं व्हायचं, पाणी वाहायचं. एकदा ऐन खेळपट्टीवर लेन्स पडली. हा बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं वाकून गवत चाचपायला लागला. रेडिओ समोरून चालत आला.

“काय शोधतोयस? अक्कल?”

“नाडी सुटली.”

“अरे, तुझ्या नाडीपायी चहाची वेळ होईल. ऊठ.”

हे धाकट्यानं मला घरी येऊन हसत हसत सांगितलं. मीही हसले. उरलेला दिवस त्यानं लेन्सशिवाय खेळून काढला होता.

सीझन संपला. मग परदेश दौरा आला. मग दौऱ्यानंतर घरची मालिका. प्रत्येक वेळी ‘एवढं होऊ दे’. डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, “तो येत नाही, की तुम्ही आणत नाही?” मी गिऱ्हाईक आल्याचं सांगून फोन ठेवला.

दुकानात गिऱ्हाइकांसाठी भिंतीवर टीव्ही होता. सामना असला की मी तो लावून ठेवायचे. माझ्याइतकं कुणाला कळलं नसेल, पण त्याचं बॉल सोडणं बंद झालं होतं. जो बॉल त्यानं पूर्वी झोपेत सोडला असता, त्यालाही तो आता बॅट लावायला जायचा, कारण तो कुठून जाणार हे त्याला दिसत नव्हतं. समालोचक म्हणायचे, खुंटा आता आक्रमक झालाय, खेळात नवी धार आलीय. मी काच घासत ऐकायचे. गंमत म्हणजे रन पूर्वीइतकेच होत होते. बॉलरचं मनगट, खांदा, पावलं, सगळं तो पाठ करून जायचा. उजवा डोळा आणि पाठांतर, एवढ्यावर त्यानं गाडी रेटली.

फक्त अंतर पाठ करता येत नाही. एका डोळ्याच्या माणसाला वस्तू दिसते, पण ती दहा पावलांवर आहे की वीस, हे त्याला अंदाजानं ठरवावं लागतं. घरात चहा कपात ओतताना तो किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवायचा आणि मगच ओतायचा. आई म्हणायची, “किती सावकाश झालाय हा.”

तो अठ्ठावीस वर्षांचा असताना परदेशातल्या तिसऱ्या कसोटीत ते झालं. तिथं सकाळ होती, इथं दुपार. माझ्यासमोर खुर्चीत एक शिक्षिका बसल्या होत्या, त्यांच्या नाकावर मी तपासणीची जड फ्रेम चढवली होती. टीव्हीवर खुंटा चाळीस-पंचेचाळीसवर होता आणि रेडिओ साठीच्या पुढे. खुंट्यानं बॉल मिडविकेटकडे ढकलला आणि ओरडला. आवाज टीव्हीवरही ऐकू आला. “हो!”

हाक त्याची होती. बॉल त्याच्या समोर होता. रेडिओ नेहमीसारखा डोळे मिटून पळाला. डोळे मिटून म्हणजे खुंट्याच्या हाकेवर, अकरा वर्षं तो तसाच पळत होता. तो अर्ध्यात आला तोवर मिडविकेटच्या माणसानं बॉल उचलला होता. तो माणूस लांब नव्हता. अगदी जवळ होता. मला दुकानातून दिसत होतं की जवळ आहे.

“नको! मागे!”

रेडिओ वळला. त्याचा पाय सरकला. त्यानं बॅट पुढे करून अंग झोकून दिलं आणि त्याचं सगळं वजन उजव्या हातावर आलं. स्टंप उडाले. बाकीचे खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत होते आणि तो पालथा पडून होता. मग त्यातल्याच एकानं हात वर करून डॉक्टरला बोलावलं.

“काही दिसत नाहीये मला,” खुर्चीतल्या शिक्षिका म्हणाल्या. फ्रेममध्ये मी काचच घातली नव्हती.

खुंट्यानं त्या दिवशी शंभर केले. एकशे सतरा. त्याची आयुष्यातली सगळ्यात मोठी खेळी. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

“शंभर झाले, ताई.”

“पाहिले.”

“रेडिओचं ऑपरेशन झालं. खांदा निखळला, वरचं हाडही मोडलंय. नस दुखावलीय म्हणतात.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मला वाटलं तो लांब आहे.”

“कळलं मला.”

“कुणाला बोलू नकोस.”

मी बोलले नाही. त्यानं एकदाच सांगितलं आणि मी दोन वर्षं पाळलं. एवढं मी देवाचंही कधी काही पाळलेलं नाही.

रेडिओ परत आल्यावर आम्ही तिघं, आई, धाकटा आणि मी, त्याला बघायला दवाखान्यात गेलो. हात छातीशी बांधलेला. आम्हाला बघून तोच आधी बोलला. “ए खुंट्या, तोंड काय पाडून आलास? मला काय तेराव्याला आलास का? हाक बरोबर होती तुझी. माझाच पाय सरकला.” आईनं त्याच्या केसांवरून हात फिरवला. धाकटा खिडकीकडे बघत उभा होता. मी फळं कापायला घेतली.

त्या खोलीत सांगता आलं असतं. तेव्हा सांगितलं असतं तर तो शिव्या घालून, उशी फेकून मारून मोकळा झाला असता, असं मला वाटतं. पण झाकली मूठ उघडायची म्हणजे आधी बोटं सैल करावी लागतात, आणि आमची कुणाचीच झाली नाहीत.

नस पूर्ण बरी झालीच नाही. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. दीड वर्ष रेडिओनं व्यायाम केले, वजनं उचलली, रबर ओढले. मग एके दिवशी क्लबच्या नेटमध्ये त्याच्याच बरोबरीच्या बॉलरनं त्याला जपून, हळू बॉल टाकायला सुरुवात केली. त्यावरून त्याला समजलं, आपलं संपलं. तो सासऱ्यांच्या टायरच्या दुकानात बसायला लागला. रविवारी मात्र जेवायला यायचाच. घास तोंडाशी नेताना कोपर टेबलावर टेकवायचा, मग मान खाली आणायचा. आई दुसरीकडे बघायची. मी वाढायचे. “ताई, तुमच्या हाताला चव आहे हो,” तो म्हणायचा, आणि मी आणखी एक वाढायचे.

एकदा तो गेल्यावर मी धाकट्याला म्हणाले, “त्याला सांग.”

“सांगून हात वर जाणार आहे का त्याचा?”

“तुझा डोळा तरी दाखव मग.”

“आता दाखवला की तारीख विचारतील. कधीपासून, ते.” तो हे इतक्या शांतपणे म्हणाला, की मला कळलं, त्यानं याचाही हिशेब कधीच करून ठेवला होता. आता तो जागेसाठी लपवत नव्हता. तारखेसाठी लपवत होता.

तिसाव्या वर्षी, घरच्या मैदानावर, तो मिडऑनला उभा असताना एकदम गुडघ्यांवर बसला. कुणाला वाटलं बॉल लागला. बॉल त्याच्याकडे गेलाच नव्हता. डाव्या डोळ्याचा ताणलेला पडदा आतून फाटला होता आणि बुबुळात पाणी शिरलं होतं. तासाभरात ते उकडलेल्या अंड्यासारखं पांढरं झालं. त्याला धरून बाहेर आणताना टीव्हीवाल्यांनी तो डोळा अगदी जवळून दाखवला. आईनं तो घरी पाहिला.

दोन दिवसांनी मंडळाच्या डॉक्टरांनी स्वतःची कातडी वाचवायला पेपरात सांगून टाकलं, “हा आजार एका दिवसात होत नाही. किमान चार वर्षं जुना असणार. खेळाडूनं आमच्यापासून लपवला.” बातमी लहानशी होती, आतल्या पानावर.

रेडिओ त्याच आठवड्यात आला. रविवार नव्हता. दुपारचे तीन वाजले असतील. आई दार उघडून म्हणाली, “ये रे, तुझीच आठवण काढत होते.” तो आत आला पण बसला नाही. धाकटा डोळ्याला पट्टी बांधून पलंगावर होता. मी त्याला थेंब घालून नुकतीच उठले होते.

“चार वर्षं,” रेडिओ म्हणाला. “खरं आहे?”

“हो.”

“म्हणजे त्या सामन्याच्या आधी दोन वर्षं.”

“हो.”

“मिडविकेटचा तो, तुला दिसला होता?”

धाकट्यानं मान वर केली. “दिसला होता. पण किती लांब, ते कळलं नाही. मला अंतर कळतच नव्हतं.”

ज्या रेडिओला एक मिनिट गप्प बसता यायचं नाही तो भिंतीला डावा हात टेकवून उभा होता. मग म्हणाला, “मला सांगितलं असतंस तर मी हाका मारल्या असत्या ना रे. दोन्हीकडच्या मीच मारल्या असत्या. कुणाला कळलंही नसतं. तू फक्त माझं ऐकून पळायचं होतंस.”

इतका सोपा उपाय होता, आणि आमच्या दोघांच्याही डोक्यात तो कधी आला नव्हता, कारण त्यासाठी आधी तिसऱ्या कुणाला सांगावं लागलं असतं.

मग रेडिओ माझ्याकडे वळला. “ताई, तुम्ही डोळे तपासता.”

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

त्यानं मान हलवली, दुकानात एखाद्यानं भाव विचारावा आणि तो ऐकून मान हलवावी तशी. आईला तो खाली वाकून नमस्कार करायचा नेहमी, त्या दिवशी नुसतं बघितलं आणि चपला घालून गेला. जिन्यावर त्याच्या पावलांचा आवाज अगदी खालपर्यंत ऐकू येत होता.

आई खुर्चीत बसली होती. तिला हळूहळू जुळत गेलं, मला तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. धाकट्याला ती काहीच बोलली नाही. मला एकच विचारलं.

“तू मोठी होतीस ना?”

त्यानंतर कितीतरी महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. दूध आलं का, गॅस बंद केलास का. तीन वर्षांनी ती गेली. त्या तीन वर्षांत रविवारी ती टेबलावर चार जणांची पानं घ्यायची आणि मग एक उचलून ठेवायची. ती विसरायची की मुद्दाम करायची, मी विचारलं नाही.

डोळ्यावर दोन ऑपरेशनं झाली. मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवतात. पहिलं त्याच्या शरीरानं स्वीकारलं नाही. दुसरं टिकलं, पण त्यातून त्याला धुक्यातून बघावं तसं दिसतं, बोटं मोजता येतात एवढंच. उजव्या डोळ्याचा उपचार मात्र त्यानं लगेच करून घेतला. तासाभराचं काम. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो होतो, आपला नंबर येईपर्यंत, आणि एकमेकांकडे बघत नव्हतो.

मधे एका मासिकानं त्याच्यावर मोठा लेख छापला. एका डोळ्यानं शत्रूशी लढलेला वीर, वगैरे. त्यात त्या एकशे सतराचं दोन पानं वर्णन होतं. रेडिओबद्दल एक ओळ होती, ‘जोडीदार दुर्दैवानं धावबाद झाल्यावरही तो डगमगला नाही.’ लेख लिहिणारा घरी आला होता, प्रत घेऊन, सही मागायला. धाकट्यानं ती ओळ वाचली. मासिक मिटून, नीट घडी करून लिहिणाऱ्याच्या हातात परत दिलं. “तुम्ही जा,” म्हणाला. वीर म्हणवून घेण्यापेक्षा चोर म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. पण चोर कुणीच म्हणेना. मंडळानंही प्रकरण मिटवून टाकलं. त्यांचा तक्ता कुणीतरी पाठ केला होता, हे त्यांना कशाला चारचौघांत आणायचं होतं.

आता तो पाणी खात्याच्या कार्यालयात नळाच्या मीटरच्या तक्रारी घेतो. दहा ते पाच. खिडकीत बसतो, उजव्या डोळ्यानं अर्ज वाचतो. लोक भांडतात, त्याला शिव्या घालतात, तो ऐकून घेतो. सहकाऱ्यांना वाटतं किती सोशिक माणूस आहे. एखादा वयस्क माणूस नाव वाचून विचारतो, “तुम्हीच का ते?” तो म्हणतो, “नाही, माझा चुलतभाऊ.” लग्न केलं नाही. मैदानाच्या बाजूनं बस जाते म्हणून तो दुसरी बस पकडतो, तिला वीस मिनिटं जास्त लागतात.

आई गेल्यानंतर दोन महिन्यांनी मी रेडिओच्या घरी गेले. धाकट्याला सांगितलं नाही. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. माफी मागायची म्हटली तरी कशाकशाची, आणि कोणत्या तोंडानं? तरी गेले. दुपारची वेळ, टायरचं दुकान बंद असतं तो दिवस. दार त्याच्या बायकोनं उघडलं. तिनं मला ओळखलं. आमच्याकडे दहा-बारा वेळा तरी जेवली असेल ती.

“ते घरी नाहीत,” ती म्हणाली.

आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं. तो खोकला मी दहा घरांतून ओळखला असता. ती माझ्याकडे बघत राहिली, नजर न चुकवता. मग म्हणाली, “उन्हातून आलात. बसा.” आत गेली आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली. मी उंबऱ्याच्या आत खुर्चीवर बसून ते सगळं पाणी प्यायले. तिनं आईबद्दल विचारलं, म्हणाली, “पेपरात वाचलं होतं.” मी ग्लास खाली ठेवला. आतला खोकला बंद झाला होता. कुणीतरी श्वास धरून बसलं होतं, असं मला वाटलं.

“येते,” मी म्हणाले.

“या,” ती म्हणाली आणि मी जिना उतरेपर्यंत तिनं दार लावलं नाही.

घरी आले तेव्हा धाकटा कार्यालयातून येऊन भाजी निवडत बसला होता. त्यानं माझ्या चपलांकडे बघितलं. त्याला कसं कळलं माहीत नाही.

“भेटला?”

“नाही.”

“कोण होतं?”

“वहिनी.”

तो थोडा वेळ शेंगांच्या शिरा काढत राहिला. उजव्या डोळ्याजवळ धरून, एकेक.

“पाणी दिलं का?”

“दिलं.”

“चांगली माणसं आहेत ती,” तो म्हणाला, आणि परात माझ्याकडे सरकवली.